१९८१चा डबा, लुडोचे फासे आणि एक गड : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार. सेंट पॉल, मिनेसोटा.

या हिवाळ्यात घरच्या घरी एक प्रकल्प हाती घेतला आहे आणि त्याच्या नोंदी ठेवायचे ठरवले आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचा खेळ, आमच्या बोलण्यातले डीएनडी, चौथीतल्या लेकीबरोबर मराठीतून खेळायचा, पुण्याहून तिच्या आजीला व्हिडिओवर सामील करून घ्यायचे आणि त्यासाठी लागणारा नकाशा, पात्रांची पत्रके व नियमांची निवड हे सारे आपणच करायचे, असा बेत आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे एम.एस. करताना मी हा खेळ वसतिगृहातल्या मित्रांबरोबर खेळत असे. पुढे नोकरी लागली, संसार सुरू झाला आणि तो सुटला.

लेकीने शाळेनंतरच्या एका गटात या खेळाची पाचवी आवृत्ती थोडी खेळून पाहिली होती. तिची तक्रार एकच होती : “बाबा, राक्षस दिसला की सगळे लगेच लढायलाच लागतात. मला त्याला विचारायचं होतं, की तो तिथे का बसलाय.” या प्रश्नाला जागा देणारे नियम शोधणे, हेच प्रकल्पाचे पहिले काम ठरते.

तळघरातल्या खोक्यांतून १९८१चा बेसिक संच बाहेर काढला. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेली ६४ पानी नियमपुस्तिका, एक तयार साहसाची पुस्तिका आणि चार, सहा, आठ, दहा, बारा व वीस पैलूंचे सहा फासे त्यात आहेत. त्या काळी फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले असत, त्यांत रंग भरलेला नसे. रंग भरण्यासाठी डब्यात मेणाचा एक खडू दिलेला असे. आमच्या डब्यातला खडू केव्हाच हरवला आहे, म्हणून लेकीने आपल्या पेटीतला पांढरा खडू घेतला. वीस पैलूंच्या फाशावर तो दाबून घासला, मग प्रत्येक पैलू जुन्या पंचाच्या तुकड्याने पुसला, तेव्हा पृष्ठभागावरचे मेण निघून गेले आणि खाचांत अडकलेले तेवढे राहिले. सहा आणि नऊ यांत घोळ होऊ नये म्हणून त्यांच्यापुढे टिंब आहे का, हे ती नखाने चाचपून पाहत होती. या कामात दुपार गेली, आणि बाहेरच्या थंडीत दुसरे काही करण्यासारखे नव्हतेच.

५ जानेवारी, रविवार.

२०१४ची पाचवी आवृत्ती आणि १९८१ची पुस्तिका शेजारी ठेवून वाचली. दोन्हींचा गाभा तोच आहे : सहा गुण, फासे, आणि जगाची बाजू सांभाळणारा डीएम, म्हणजे डन्जन मास्टर. मात्र खेळाडूला बक्षीस कशाचे मिळते, याचा हिशेब दोन्हींत निराळा आहे, आणि मुले बक्षिसाच्या दिशेने चालतात.

पाचव्या आवृत्तीत एक गॉब्लिन (बुटका राक्षस) मारला की ५० एक्सपी, म्हणजे पात्राला वरच्या पातळीवर नेणारे अनुभवाचे पॉइंट, मिळतात आणि दुसऱ्या पातळीवर जायला ३०० लागतात. एकट्या पात्राने सहा गॉब्लिन लोळवले की काम झाले. डीएमने इतर गोष्टींनाही एक्सपी द्यावेत अशी मुभा त्यात आहे, हे खरे, पण मुलांच्या गटात ती सहसा वापरली जात नाही. १९८१च्या पुस्तिकेत गॉब्लिनचे मोल अवघे ५ एक्सपी आहे, तर योद्ध्याला दुसऱ्या पातळीसाठी २,००० हवेत. उलट, सुखरूप बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी मिळतो. पहिल्या पातळीच्या योद्ध्याकडे आठ पैलूंच्या फाशावर पडतील तेवढेच हिट पॉइंट (मरण्यापूर्वी सोसता येणारी इजा) असतात, म्हणजे दिसेल त्याच्याशी लढणारा फार काळ टिकत नाही. शत्रूला न मारता त्याचे धन घेऊन येणारा, किंवा त्याच्याशी सौदा करणारा, हाच इथे शहाणा ठरतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटली. या पुस्तिकेत प्राणी किंवा राक्षस भेटला आणि तो कसा वागेल हे आधी ठरलेले नसले, की डीएमने सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे असतात. बेरीज २ आली तर तो तत्काळ हल्ला करतो. ३ ते ५ म्हणजे वैरभाव. ६ ते ८ म्हणजे त्याचे काही नक्की नाही. ९ ते ११ आली तर तो हल्ला करत नाही, निघून जातो किंवा प्रस्ताव ऐकून घेतो. आणि १२ म्हणजे उत्साहाने मैत्री. एवढा लहान तक्ता, पण लेकीच्या तक्रारीचे उत्तर त्यात चोख आहे. निर्णय झाला : १९८१चेच नियम वापरायचे.

११ जानेवारी, शनिवार.

आमच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि आजीचे जेवण उरकलेले असते, म्हणून हीच वेळ मुक्रर केली. आज फक्त पात्रे तयार केली.

प्रत्येक गुणासाठी सहा पैलूंचे तीन फासे टाकायचे आणि पडेल ते त्याच क्रमाने लिहायचे. लेकीला बुद्धी १३ आणि करिष्मा १४ मिळाला. तिने एल्फ, म्हणजे मंत्र जाणणाऱ्या जमातीतली, निवडली आणि नाव ठेवले ठिणगी. एल्फला ऑर्क, हॉबगॉब्लिन आणि नॉल या राक्षसांच्या भाषा मुळातच येतात. बुद्धी १३ असल्याने एक जास्तीची भाषा मिळाली, ती तिने विचार न करता गॉब्लिनची घेतली. मंत्र एकच मिळतो. मी शत्रूंना झोपवणारा ‘स्लीप’ सुचवला, कारण पहिल्या पातळीवर त्याच्याइतका उपयोगी मंत्र नाही. तिने समोरच्याला मोहिनी घालून मित्र बनवणारा ‘चार्म पर्सन’ घेतला, आणि तो शक्यतो वापरणार नाही असेही बजावले, कारण “ते फसवणं झालं”. मग घेतलास कशाला, हा प्रश्न मी गिळला.

तिच्या आईने पुरोहित घेतली, भैरवी नावाची. या नियमांत पहिल्या पातळीच्या पुरोहिताला एकही मंत्र येत नाही, हे कळल्यावर तिने नकाशा काढण्याचे आणि हिशेबाचे काम आपल्याकडे घेतले. आजीचा हाफलिंग, म्हणजे बुटक्या जमातीतला, आहे बंडोपंत. उंची तीन फूट, अनवाणी चालणारा आणि खाण्यापिण्याचा शौकीन, एवढे वर्णन ऐकताच आजी म्हणाली, “आमच्या वाड्यात होते असे एक.”

आजीकडे बहुपैलू फासे नाहीत. घरात फक्त लुडोचे दोन आहेत. यातून मार्ग सहज निघाला, कारण १९८१च्या मूळ नियमांत सगळ्या शस्त्रांची इजा सहा पैलूंच्या एकाच फाशावर मोजतात (शस्त्रागणिक वेगळी इजा हा ऐच्छिक भाग आहे), अडकलेले दार उघडणे, दाराशी कान लावून ऐकणे, हाफलिंगचे सावलीत लपणे हेही सहा पैलूंवरच होते, आणि वर सांगितलेला तक्ता तर दोन फाशांचाच आहे. वीस पैलूंची गरज राहिली ती हल्ल्याला आणि पात्र विष-मंत्रातून वाचते का हे पाहायला. त्यासाठी आजीने १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या. हे काही नवे नाही : १९७९च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा प्रकाशकांनी बेसिक संचात फाशांऐवजी आकड्यांचे पुठ्ठ्याचे तुकडेच घातले होते. काढलेली चिठ्ठी लगेच परत टाकून डबा हलवायचा, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

१८ जानेवारी, शनिवार.

आज पहिला खेळ झाला. डब्यातले तयार साहस बाजूला ठेवून मी चौकटीच्या कागदावर स्वतःचा गड काढला आहे, एक चौकट म्हणजे दहा फूट. आखणी राजगडावरून घेतली आहे : तीन बाजूंना तीन माच्या, मध्ये उंच बालेकिल्ला, आणि आत शिरायला चोरदरवाजा. गड ओसाड आहे, टाक्यांत पाणी आहे, आणि वर कोणी ना कोणी राहते आहे. आजी तरुणपणी गुंजवण्याच्या बाजूने राजगड चढली होती, त्यामुळे चोरदरवाजाचे वर्णन सुरू करताच तिने ते माझ्या हातून घेतले, आणि शेवटच्या टप्प्यावर कातळाला कसे बिलगून जावे लागते ते सगळ्यांना सांगितले. मी मुकाट्याने ऐकले. डीएमला असा मदतनीस मिळाला तर त्याने अडवू नये.

पहिल्या माचीवर टाक्याच्या कडेला चार गॉब्लिन होते. प्रतिक्रियेचे फासे आजीने टाकायचे असे आधीच ठरले होते. शत्रूची वृत्ती खेळाडूने ठरवावी हे नियमांत नाही, पण फासे तिचे, तक्ता माझा, अशी वाटणी केली आहे. ५ आणि ३ पडले, म्हणजे ८; ठिणगीच्या करिष्म्याचा १ मिळवून ९. प्रस्ताव ऐकून घेतात.

मग जे झाले ते मी लिहून आणलेल्या कोणत्याही पानावर नव्हते. ठिणगीने गॉब्लिनच्या भाषेत विचारले, की तुम्ही इथे का बसला आहात. मला तिथल्या तिथे उत्तर रचावे लागले : खालचा झरा आटला आहे, आणि हे टाके वापरू देण्याबद्दल बालेकिल्ल्यावरचा ओगर, एक धिप्पाड राक्षस, दर पौर्णिमेला एक बकरे मागतो. आजीने मध्येच विचारले, “तुमच्यात मोठं कोण? त्यालाच बोलवा, पोरासोरांशी काय बोलायचं.” बंडोपंतांनी शिधा सोडला, गॉब्लिनांनी सरपण आणले, आणि कोणाच्याही म्यानातून तलवार निघाली नाही. सकाळ संपली तेव्हा गटाकडे एक्सपी शून्य होते आणि त्याची खंत कोणालाच नव्हती.

१९ जानेवारी, रविवार.

लेकीला आकड्यांचा नाद आहे, म्हणून कालच्या तक्त्याचे गणित दोघांनी मिळून मांडले. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात. करिष्म्याची भर नसेल तर तत्काळ हल्ला १ प्रकारात, वैरभाव ९ प्रकारांत, अनिश्चितता १६, प्रस्ताव ऐकणे ९, आणि मैत्री १. भर १ असेल तर २ ही बेरीज उरतच नाही, म्हणून तत्काळ हल्ला शून्य. वैरभाव ६, अनिश्चितता १५, प्रस्ताव १२, मैत्री ३. करिष्मा या गुणाला बरेच जण दुय्यम मानतात. इथे तोच चिलखताचे काम करतो. मधला मोठा गठ्ठा अनिश्चिततेचा आहे, आणि खेळाची खरी मजा तिथे आहे, कारण तिथे पुढचे बोलणे पाहून डीएमला पुन्हा फासे टाकता येतात.

२५ जानेवारी, शनिवार.

भैरवीची मशालींची वही सुरू झाली. दहा मिनिटांचा एक टर्न, एक मशाल सहा टर्न चालते, आणि दर दोन टर्नांनी आजी एक फासा टाकते. त्यावर १ पडला तर फिरता राक्षस येतो. आज १ पडलाच नाही. मशाल धरायला गणोबा नावाचा गडी ठेवला आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार.

आजीला बरे नव्हते, म्हणून खेळ झाला नाही. त्याऐवजी हा खेळ आला कुठून, ते लेकीला सांगितले, कारण तो बराचसा आमच्याच शहरांतून आला आहे.

१९६९च्या सुमारास डेव्हिड वेझली नावाच्या तरुणाने मिनियापोलिस–सेंट पॉल या जुळ्या शहरांतल्या युद्धखेळाच्या मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातले ब्राउनश्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव मांडले. तोवर अशा खेळांत दोन सैन्ये आणि दोन सेनापती असत. वेझलीने सैन्य येण्याआधीचे गाव घेतले आणि एकेका खेळाडूला एकेका गावकऱ्याची भूमिका दिली. निर्णय देणारा पंच सर्वाधिकारी असावा, ही कल्पना त्याला चार्ल्स टॉटन यांच्या १८८०च्या एका अमेरिकन युद्धखेळाच्या पुस्तकातून मिळाली होती. प्रत्यक्षात झाले असे, की खेळाडू आपापसात कोपऱ्यात जाऊन कुजबुजू लागले, सौदे करू लागले, आणि लढाई राहिली बाजूला. वेझलीला वाटले की बेत फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. त्यांतल्याच डेव्ह आर्नेसन याने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाची आपली दुनिया उभी केली, जिच्यात एकच पात्र घेऊन आठवड्यामागून आठवडे खेळता येई. ती त्याने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सला दाखवली, आणि दोघांच्या नावाने १९७४ साली तीन लहान पुस्तिकांचा डबा निघाला. पहिली आवृत्ती १,००० प्रतींची होती.

लेकीने सगळे ऐकून विचारले, “म्हणजे आधी बोलणंच होतं?” आधी लढाईच होती, पण लढाईच्या खेळाचा भूमिकांचा खेळ झाला तो माणसे बोलू लागली म्हणून, असे माझे मत आहे, आणि ते मी तिला सांगितले. सगळे इतिहासकार यावर माझ्याशी सहमत होतील असे नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार.

आज लढाई झाली. दुसऱ्या माचीच्या दरवाजात तीन हॉबगॉब्लिन होते. आजीचे फासे २ आणि २, भर धरून ५, म्हणजे वैरभाव. ठिणगीला त्यांची भाषा येते, तिने बोलून पाहिले. त्यांनी शस्त्रे खाली ठेवायला सांगितली, भैरवीने नकार दिला, आणि ठिणगी पडली. (पात्राच्या नावावरचा हा विनोद आजीचा आहे.)

आजीने डब्यातून १९ची चिठ्ठी काढली आणि बंडोपंतांच्या गोफणीने पुढचा हॉबगॉब्लिन पडला. इथे या पुस्तिकेतला दुसरा उत्तम नियम कामाला आला, तो मनोधैर्याचा. बाजूतला पहिला गडी पडला, आणि पुढे निम्मे गारद झाले, की दोन फासे टाकायचे. बेरीज मनोधैर्याच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर उरलेले पळतात किंवा शरण येतात. हॉबगॉब्लिनचा आकडा ८ आहे. आजीने १० टाकले, आणि दोघेही माचीच्या टोकाकडे पळाले. शेवटचा शत्रू मरेपर्यंत चालणारी लढाई मुलांना कंटाळवाणी होते आणि मोठ्यांना खोटी वाटते. या एका नियमाने ती थोडक्यात आटोपते आणि पळालेले पुढे कधीतरी पुन्हा भेटू शकतात.

पण त्याआधी गणोबाला घाव बसला होता. या नियमांत हिट पॉइंट शून्य झाले की मृत्यू.

९ फेब्रुवारी, रविवार.

शून्यावर मृत्यू हा नियम लहान मुलाबरोबर खेळताना ठेवावा की नाही, यावर घरात चर्चा झाली. तिच्या आईचे म्हणणे, नियम बदलून ‘बेशुद्ध’ करावे. लेक म्हणाली, बदलू नका, मात्र दरवाजाआड कोण आहे याचा काहीतरी सुगावा आधी मिळायला हवा. मला तिचे म्हणणे रास्त वाटते : जोखीम दिसत असेल तर मूल ती पेलते, न दिसता आलेला घाव त्याला अन्याय वाटतो. यापुढे प्रत्येक धोक्याची काहीतरी खूण, वास, आवाज, पाऊलखुणा, आधी सांगायची असे ठरले आणि नियम तसाच राहिला. गड्याला लुटीत वाटा असतो. गणोबाचा वाटा त्याच्या घरी पोहोचवायचा असे ठिणगीने जाहीर केले. आजीने व्हिडिओवरून भर घातली : “तेरावं तरी नीट करा त्याचं.” भैरवीच्या वहीत त्या खर्चाची स्वतंत्र ओळ आहे.

१५ मार्च, शनिवार.

इथली घड्याळे ९ मार्चला एक तास पुढे गेली. सकाळचे नऊ म्हणजे आता पुण्यात साडेसात, आणि साडेसातला आजीची मालिका असते. खेळ दहाला हलवला.

२९ मार्च, शनिवार.

टाक्याचा करार आज झाला. लेकीने तो तोंडी सांगितला आणि तिच्या आईने लिहून घेतला : गॉब्लिनांनी पहिल्या माचीवरचे टाके राखावे, गाळ वर्षातून एकदा काढावा, येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूला पाणी द्यावे, गटाने त्यांना ओगरच्या बकऱ्यांपासून सोडवावे. बयाणा म्हणून गॉब्लिनांनी १२० सोन्याची नाणी दिली. कराराने मिळालेले धन लुटीत धरावे का, हा प्रश्न आला. पुस्तिका धन कसे मिळवले हे विचारत नाही, म्हणून धरले, आणि तिघांना प्रत्येकी ४० एक्सपी मिळाले. एल्फला दुसऱ्या पातळीसाठी ४,००० लागतात, हाफलिंगला २,०००. बंडोपंतांची बढती कधी, असे आजी दर खेपेला विचारते, जणू ती महापालिकेत अडली आहे.

ओगरशीही आधी बोलायचेच, असा ठिणगीचा हट्ट आहे. ओगरला मनोधैर्य १० आहे आणि हिट डाइस (हिट पॉइंट ठरवणारे फासे) चार अधिक एक, तेव्हा हट्ट गैर नाही. अडचण भाषेची आहे : गटात कोणालाच ती येत नाही. टाक्यावरचा थोरला गॉब्लिन बकरी पोहोचवता पोहोचवता ती शिकला आहे, असे मी आज सांगून टाकले, आणि गटाने त्याला दुभाष्या म्हणून नोकरीला ठेवले. ठिणगीच्या १४ करिष्म्यावर गड्याची निष्ठा ८ धरतात. ती ओगरसमोर टिकेल का, हे आजीच्या लुडोच्या फाशांवर आहे. पुढच्या शनिवारआधी बालेकिल्ल्याची वाट आखायची आहे, ओगरच्या खुणा ठरवायच्या आहेत आणि दुभाष्याचे पत्रक तयार करायचे आहे. त्याचे नाव लेक ठेवणार आहे आणि पगार आजी.